पहिली व्हायल उघडण्याआधी सीक्वेन्स वाचा

संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिच्या प्रकल्पासाठी पहिल्यांदाच पेप्टाइड मागवले. बोटाएवढी व्हायल (छोटी बाटली) आली, लेबलवर '१ मिलिग्रॅम, शुद्धता ९८ टक्क्यांहून अधिक, फक्त संशोधनासाठी' एवढेच, आणि आत डोळ्यांना काहीच दिसत नाही. हे ठेवायचे कुठे, विरघळवायचे कशात, हाताळताना धोका किती, आणि ऑनलाइन मंडळी हीच पेप्टाइड्स टोचून घेतात ते ठीक आहे का, असे तिने विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही', कारण पुढे सांगतो. बाकीच्यांची बरीचशी उत्तरे व्हायलसोबत आलेल्या कागदावरच आहेत, फक्त ती वाचता यायला हवीत. नवीन माणूस लेबलवरचे नाव आणि शुद्धता पाहतो आणि सरळ पिपेट उचलतो. मी आधी सीक्वेन्स पाहतो. कोणती अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने आहेत आणि दोन्ही टोकांना काय आहे, हे कळले की साठवण, द्रावक आणि नासण्याची वाट, तिन्हींचा अंदाज येतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साधारण पन्नासपर्यंत असली की पेप्टाइड, पुढे प्रोटीन. ही काही दगडावरची रेघ नाही. इन्सुलिनमध्ये ५१ आहेत आणि त्याला दोन्ही नावांनी संबोधणारे लोक आहेत. विकत मिळणारी बहुतेक पेप्टाइड्स ज्या पद्धतीने बनतात तिचा पाया ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये घातला, त्यासाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रेझिनच्या मण्याला पहिले अमिनो आम्ल जोडायचे, त्यावर दुसरे, मग तिसरे, आणि साखळी पूर्ण झाली की ती मण्यावरून सोडवायची. सोडवण्यासाठी हल्ली बहुधा ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे टीएफए वापरतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते आपल्या हिशेबात येणार आहे.

या पद्धतीत प्रत्येक जोडणी शंभर टक्के होत नाही. ३० अमिनो आम्लांच्या साखळीत २९ जोडण्या असतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के झाली तरी शेवटी पूर्ण साखळी सुमारे ७५ टक्केच उरते, आणि ९७ टक्के झाली तर जेमतेम ४१ टक्के. उरलेला माल म्हणजे मध्येच एखादे अमिनो आम्ल गळालेल्या किंवा अर्ध्यावर थांबलेल्या साखळ्या. त्या एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राने, वेगळ्या काढतात, पण अस्सल साखळीशी त्यांचे इतके साम्य असते की थोड्या तरी मागे राहतातच. लेबलवरच्या ९८ टक्क्यांतले उरलेले दोन टक्के बहुधा हेच असतात.

आता ९८ टक्के शुद्ध १ मिलिग्रॅम म्हणजे व्हायलमध्ये ०.९८ मिलिग्रॅम पेप्टाइड, असे तुम्हाला वाटत असेल. तसे नसते, आणि नवख्यांच्या प्रयोगांतले बरेच घोळ इथूनच सुरू होतात. एचपीएलसीचा डिटेक्टर २१४ किंवा २२० नॅनोमीटरवर पेप्टाइड बंध पाहतो. त्या आलेखात जितके पेप्टाइडसारखे काही दिसले त्यातले ९८ टक्के तुमचे पेप्टाइड, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पावडरीतले पाणी आणि क्षार त्या हिशेबात येतच नाहीत. ते धरून वजनातला खरा पेप्टाइडचा वाटा किती, हा आकडा वेगळा. त्याला नेट पेप्टाइड कंटेंट म्हणतात, आणि तो बरेचदा ६० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असतो.

एक खरे पेप्टाइड घेऊन पाहू. सबस्टन्स पी हे वेदनेच्या संदेशवहनातले गाजलेले न्यूरोपेप्टाइड, ११ अमिनो आम्लांचे. क्रम असा: आर्जिनिन, प्रोलिन, लायसिन, प्रोलिन, ग्लुटामिन, ग्लुटामिन, फेनिलअ‍ॅलॅनिन, फेनिलअ‍ॅलॅनिन, ग्लायसिन, ल्युसिन, मेथिओनिन, आणि शेवटच्या टोकाला मोकळ्या आम्लगटाऐवजी अमाइड. रेणुभार १३४७.६. धनभार मोजा. सुरुवातीच्या टोकाचा एक, आर्जिनिनचा एक, लायसिनचा एक. ऋणभार देणारे अ‍ॅस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल कुठेच नाही, शेवटचे टोकही अमाइडने झाकलेले. म्हणजे निव्वळ भार अधिक तीन. टीएफएने सोडवलेल्या मालात या प्रत्येक धनभाराला टीएफएचा एक रेणू चिकटून येतो, ११४ चा. तीन मिळून ३४२. म्हणजे पावडर पूर्ण कोरडी असली तरी तिच्या वजनात पेप्टाइड सुमारे ८० टक्केच. त्यात ओलावा धरला की आकडा आणखी खाली.

समजा कागदावर कंटेंट ७४ टक्के आहे. १ मिलिग्रॅममध्ये ०.७४ मिलिग्रॅम पेप्टाइड, म्हणजे ०.५५ मायक्रोमोल. १ मिलिमोलर स्टॉक (नंतर विरल करून वापरायचे गाढ द्रावण) हवा तर साधारण ५५० मायक्रोलिटर द्रावक घालायचे. कंटेंट न पाहता पूर्ण १ मिलिग्रॅम धरून हिशेब केलात तर ७४० मायक्रोलिटर घालाल आणि ०.७४ मिलिमोलरच्या स्टॉकला १ मिलिमोलर म्हणत बसाल. पुढच्या बॅचचा कंटेंट वेगळा निघाला की तुमचाच प्रयोग तुम्हालाच जमेनासा होतो. कागदावर हा आकडा नसेल तर विक्रेत्याला विचारा. बिनचूक हवा असेल तर अमिनो अ‍ॅसिड अ‍ॅनालिसिस करून घ्या. साखळीत ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असेल तर २८० नॅनोमीटरवर शोषण मोजूनही चांगला अंदाज येतो. सबस्टन्स पीमध्ये दोन्ही नाहीत, तिथे ही युक्ती चालत नाही.

त्याच कागदावर मास स्पेक्ट्रमही, म्हणजे रेणूच्या वस्तुमानाचा आलेखही असतो. शुद्धता म्हणजे ओळख नव्हे. ९९ टक्के शुद्ध पण भलतेच पेप्टाइड आले तर एचपीएलसी तक्रार करणार नाही, म्हणून वस्तुमान जुळते का ते पाहायचेच. अपेक्षेपेक्षा २२ ने मोठे शिखर दिसले तर घाबरू नका, तो सोडियम. १६ ने मोठे दिसले तर मात्र कान टवकारा, तो ऑक्सिजन. सबस्टन्स पीच्या शेपटाला मेथिओनिन आहे आणि ऑक्सिडेशनला सगळ्यात आधी तेच बळी पडते.

व्हायलमध्ये काही दिसत नाही हे नेहमीचेच. फ्रीझ-ड्राय केलेले १ मिलिग्रॅम कधी तळाशी पातळ पापुद्रा होऊन बसते, कधी काचेला स्थिर विजेने चिकटते, कधी झाकणात अडकते. रिकामी समजून व्हायल टाकून देऊ नका. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवा. काचेची व्हायल असेल तर तिला बसेल असा अडॅप्टर लावा आणि वेग कमी ठेवा.

त्याआधी आणखी एक गोष्ट, आणि यात घाई चालत नाही. फ्रीझरमधून काढलेली व्हायल लगेच उघडायची नाही. उणे २० वरून आलेल्या गार पावडरीवर खोलीतल्या हवेतली वाफ थेट पाणी होऊन बसते, आणि बहुतेक पेप्टाइड्स पाण्याला आधाशी असतात. बंद व्हायल डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात ठेवा, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. उन्हाने तापलेल्या घरातून आल्यावर चष्मा पुसावा लागत नाही, थंड खोलीतून बाहेर दमट हवेत आल्यावर लागतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पावडर पुसता येत नाही. एकदा ओलावा शिरला की वजनही चुकते आणि नासणेही सुरू होते.

कोरडी पावडर घट्ट बंद करून, अंधारात, उणे २० अंशांवर ठेवली तर बहुतेक पेप्टाइड्स दीर्घकाळ टिकतात, उणे ८० असेल तर उत्तमच. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर मात्र नको, त्याचे तापमान सारखे वर-खाली होते. नाजूक सीक्वेन्स ओळखायला शिका. सिस्टिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन हवेने ऑक्सिडाइज होतात, सुट्या सिस्टिनच्या तर जोड्या जुळून डायसल्फाइड बनते. अ‍ॅस्पॅराजिनच्या लगेच पुढे ग्लायसिन असेल तर डिअमिडेशन (अमाइड गटाचा आम्लगट होणे) पटकन होते, आणि त्यात वस्तुमान फक्त १ ने बदलते, त्यामुळे ते सहज नजरेतून सुटते. साखळीची सुरुवात ग्लुटामिनने होत असेल तर ते टोक स्वतःवरच वळून वलय बनवते आणि त्याचा धनभार जातो. अशी सीक्वेन्स असेल तर व्हायलमध्ये नायट्रोजन किंवा अरगॉन भरून बंद करा आणि द्रावण करून साठवण्याचा मोह टाळा. द्रावणात पेप्टाइडचे आयुष्य कोरड्या पावडरीच्या तुलनेत फारच कमी.

विरघळवणे हा नवख्यांचा सगळ्यात धास्तीचा विषय, पण मघासारखा भार मोजला की निम्मे काम होते. धनभार जास्त असेल तर आधी निर्जंतुक शुद्ध पाणी, नाही जमले तर थोडे विरल अ‍ॅसेटिक आम्ल. ऋणभार जास्त असेल तर पाणी, मग थेंबथेंब विरल अमोनियाचे द्रावण किंवा अमोनियम बायकार्बोनेट, मात्र सिस्टिन असेल तर अल्कली नको, कारण तिथे डायसल्फाइड झपाट्याने बनते. भार जवळपास शून्य आणि पाण्याशी न जमणाऱ्या, तेलकट ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलॅनिन यांची गर्दी असेल तर पाण्याच्या मागे लागू नका. आधी अगदी थोड्या डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकात पूर्ण विरघळवा आणि ते द्रावण हलवत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) थेंबथेंब सोडा. उलटे, म्हणजे डीएमएसओवर बफर ओतलात, तर गढूळ होण्याची शक्यता जास्त. सिस्टिन किंवा मेथिओनिन असलेल्या पेप्टाइडला डीएमएसओ टाळावा, तो स्वतःच सौम्य ऑक्सिडायझर आहे. तिथे डीएमएफ हा दुसरा सेंद्रिय द्रावक घेतात. सबस्टन्स पी पाण्यात सहज जाते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन आधी काढून टाकलात तर शेपटाचे मेथिओनिनही जास्त टिकते.

सगळी पावडर एकदम पणाला लावू नका. चिमूटभर वेगळी काढून तिच्यावर द्रावक तपासा. सुरुवातीला उडून जाणारे द्रावक घ्या, म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल किंवा अमोनियासारखे. जमले नाही तर पुन्हा फ्रीझ-ड्राय करून मूळ जागी येता येते, क्षारांच्या बफरमध्ये घातले की परतीची वाट बंद. बफर शेवटी. सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टबात, थोडा वेळ धरले तर चालते, मात्र पाणी तापू देऊ नका. आणि 'विरघळले' असे डोळ्यांनी ठरवू नका. सेंट्रिफ्यूज करून तळाशी काही बसते का ते पाहा. गुठळ्या करणाऱ्या जातींत हे फार महत्त्वाचे. अल्झायमरच्या संशोधनातले ४२ अमिनो आम्लांचे अमायलॉइड बीटा वरून स्वच्छ दिसत असतानाच आत तंतू बांधायला लागलेले असते, त्यामुळे त्याची पूर्वतयारी हा वेगळा धडा आहे. पहिले पेप्टाइड म्हणून ते कोणी हातात देत असेल तर अनुभवी माणूस शेजारी उभा करा.

स्टॉक झाला की लगेच छोटे छोटे अलिकोट, म्हणजे वेगवेगळ्या ट्यूबमधले वाटे करा, प्रत्येक एका प्रयोगापुरता. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे पेप्टाइडला सोसत नाही. वितळवलेला अलिकोट उरला तर टाकून द्या, परत फ्रीझरमध्ये नको. ही काटकसर महागात पडते. ट्यूब लो-बाइंड पॉलिप्रॉपिलिनच्या घ्या. मिलिमोलरच्या स्टॉकला भिंतीवर चिकटून गेलेले चार रेणू जाणवत नाहीत. पण नॅनोमोलरपर्यंत विरल केलेले धनभारित किंवा तेलकट पेप्टाइड काच आणि प्लास्टिक निम्म्याहून जास्त गिळू शकतात. मग डोस-प्रतिसादाची वक्ररेषा खालच्या टोकाला कोसळते आणि आपण जीवशास्त्रात कारण शोधत बसतो. म्हणून विरलन प्रयोगाच्या अगदी आधी करा, आणि चालत असेल तर बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रोटीन) घाला, भिंतीच्या जागा तो अडवतो.

पेशींवर काम असेल तर आणखी एक अडचण असते, आणि ती ना शुद्धतेच्या आकड्यात दिसते ना मास स्पेक्ट्रममध्ये. एंडोटॉक्सिन, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड. मॅक्रोफेजसारख्या जंतू गिळणाऱ्या पेशी त्याच्या अत्यल्प मात्रेलाही टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रोटीन सोडून उत्तर देतात. 'आमच्या पेप्टाइडने दाह वाढतो' असा निष्कर्ष हाती आला की माझा पहिला प्रश्न असतो, एंडोटॉक्सिन तपासले का? ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने जिवाणू अडतात, एंडोटॉक्सिन आरपार जाते. नेहमीच्या ऑटोक्लेव्हनेही ते भरवशाने जात नाही, काचेची भांडी त्यासाठी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत निदान अर्धा तास ठेवतात. पेप्टाइडला ती उष्णता अर्थातच देता येत नाही, तेव्हा पाणी आणि बफरच एंडोटॉक्सिनमुक्त घ्यायचे आणि तयार द्रावणाची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करायची. टीएफएही पेशींना निरुपद्रवी असतोच असे नाही. पेशींच्या कामासाठी मागवताना अ‍ॅसेटेट किंवा हायड्रोक्लोराइड क्षार मागा. कंट्रोल दोन ठेवा, एक नुसत्या द्रावकाचा आणि एक त्याच अमिनो आम्लांचा क्रम विस्कटलेल्या पेप्टाइडचा. दुसऱ्याचा वेगळा खर्च येतो म्हणून लोक तो गाळतात आणि शोधनिबंधाच्या परीक्षकाने मागितला की धावाधाव करतात.

आता धोक्याविषयी. 'शेवटी अमिनो आम्लेच ना' हे वाक्य प्रयोगशाळेत ऐकले की मला काळजी वाटते. डेथ कॅप अळंबीतले अल्फा-अमॅनिटिन फक्त आठ अमिनो आम्लांचे आहे. ते पेशीतले जनुकांवरून आरएनए बनवणारे एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज-२, बंद पाडते, आणि माणसासाठी त्याची मारक मात्रा दर किलो वजनाला साधारण ०.१ मिलिग्रॅम धरतात. अ‍ॅक्टिन रंगवायला रोज वापरतात ते फॅलॉइडिनही त्याच अळंबीतले, सात अमिनो आम्लांचे. शंखगोगलगायींच्या विषातली कोनोटॉक्सिन्स मज्जातंतूंच्या पेशीपटलातल्या आयन-वाहिन्या अडवतात, त्यांतल्या एकापासून आलेले २५ अमिनो आम्लांचे झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. बहुसंख्य पेप्टाइड्स इतकी उग्र नसतात हे खरे. पण तुमचे पेप्टाइड नवे असेल तर त्याचा माणसावरचा परिणाम कोणीच तपासलेला नसतो, आणि सुरक्षा-पत्रकातला 'माहिती उपलब्ध नाही' हा शेरा म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

खरा धोका पावडर असतानाचा. ती हलकी असते, स्थिर विजेने उडते आणि श्वासातून आत जाते. म्हणून वजन करताना पंख्याखाली बसू नका, फ्यूम हूड किंवा बंदिस्त वजनकाटा वापरा. शक्यतो तोलूच नका, पूर्ण व्हायलमध्येच द्रावक घालून द्रावण करा. नायट्रिल हातमोजे, अ‍ॅप्रन, चष्मा हे ठरलेलेच. हातमोजे पेप्टाइडसाठीही हवेत, आपल्या बोटांवरचे प्रोटिएज त्याला तोडतात. डीएमएसओमधले द्रावण सांडले तर हातमोजे ताबडतोब बदला, कारण तो स्वतःसोबत इतर रेणूंना त्वचेतून आत नेतो. पावडर सांडली तर झाडू किंवा कोरडा कागद नको. ओल्या टिश्यूने झाकून टिपून घ्या आणि जागा दोनदा पुसा. व्हायलचे रबरी बूच सुईने टोचून द्रावक घालण्याची सवय लागली असेल तर ती सोडा. झाकण उघडून पिपेटने घालता येते, आणि सुई बोटात शिरण्याचा प्रश्नच राहत नाही.

राहिला टोचून घेण्याचा प्रश्न. 'फक्त संशोधनासाठी' या शिक्क्यामागे एक साधी वस्तुस्थिती आहे. हा माल औषधनिर्मितीच्या जीएमपी नियमांखाली बनलेला नाही, तो निर्जंतुक असल्याची हमी नाही, एंडोटॉक्सिन मोजलेले असेलच असे नाही, आणि उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे हे कोणी नावानिशी ओळखलेले नाही. प्लेटमधल्या पेशींना हे कदाचित चालते. रक्तात गेल्यावर एंडोटॉक्सिन ताप आणते, जास्त असेल तर रक्तदाब कोसळतो. अमिनो आम्ल गळालेल्या साखळ्या आणि गुठळ्या शरीराला परक्या वाटून प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. जखमा भरून येतात म्हणून ज्याचा गवगवा होतो ते बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड कोणत्याही देशाच्या प्रमुख औषध-नियामकाने मानवी उपचारासाठी मंजूर केल्याचे मी पाहिलेले नाही. वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, २०२२ पासून त्याला खेळाडूंसाठी प्रतिबंधित यादीत घातले आहे. सेमाग्लुटाइडसारखी मंजूर पेप्टाइड औषधेही आहेत, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषध म्हणून बनवलेली आणि तपासलेली घ्यायची. त्याच नावाची संशोधनाची पावडर हा त्याला स्वस्त पर्याय होत नाही. रेणू एकच असला तरी त्याच्याभोवतीचे सगळे वेगळे असते. प्रयोगशाळेतून कोणी 'जरा थोडे दे' म्हणून मागायला आले तर हसून सोडून देऊ नका, स्पष्ट नकार द्या आणि मार्गदर्शकांच्या कानावर घाला.

कचरा सिंकमध्ये जात नाही. उरलेले द्रावण, टिपा आणि ट्यूब तुमच्या संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे वेगळ्या डब्यात. डीएमएफ आणि डीएमएसओ असलेले द्रावण सेंद्रिय द्रावकांच्या बाटलीत. पेशींसोबत वापरलेले असेल तर ते आधी जैविक कचरा ठरते का, हे सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घ्या. आणि प्रत्येक अलिकोटवर नाव, बॅच क्रमांक, संहती, द्रावक आणि तारीख लिहा. नुसते 'पेप्टाइड १' लिहिलेल्या ट्यूब सहा महिन्यांनी फ्रीझरमध्ये सापडतात, तेव्हा त्या कशाच्या हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि मुकाट्याने कचऱ्यात घालाव्या लागतात.